काही नाही, जरा दाढ दुखतेय

चिरंजीव ठोंब्यास (चिरंजीव हा शब्द आजवर मी सवयीनं लिहीत आले, या खेपेला नीट विचार करून लिहिलाय),

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बरे असाल, असं लिहायची रीत आहे. पण तू बरा नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य अर्ध्यावर सोडते. तुझ्या बायकोचा फोन आला होता. (तिच्यावर डोळे वटारायचे नाहीत. तिनं फोन केला नसता तर मी वटारले असते.) ती म्हणाली, लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करत फिरणारा हा माणूस हल्ली घरचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबतो आणि मोबाइल बघायचं नाटक करतो. परवा म्हणे मोबाइल उलटा धरला होतास. मी लगेच तुला फोन लावला, तर तू काय म्हणालास? "काही नाही गं ताई, ॲसिडिटी आहे, ठेवतो." आणि ठेवलास. पत्राचं तसं नसतं. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. म्हणून लिहायला बसले. चौथीत शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे. चुका काढायच्या नाहीत.

तर आधी माझ्या दाढेचं ऐक. आमच्या लाँड्रीत हल्ली हॉटेलच्या चादरी येतात. ओल्या चादरी उचलायच्या, टेबलावर टाकायच्या आणि वाफेची इस्त्री जोर लावून फिरवायची. तसा जोर लावला की माझ्या डाव्या जबड्यात कळ यायची आणि हात थांबवला की जायची. आता दाढ दुखणारी असेल तर ती बसल्याजागीही दुखेल, इस्त्रीची वाट कशाला बघेल? पण हे तेव्हा डोक्यात आलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे गेले. तो बिचारा तोंडात बॅटरी मारमारून थकला, म्हणाला, सगळ्या दाढा चांगल्या आहेत. मी म्हटलं, दुखतंय मला की तुम्हाला? काढा! काढली. दुसऱ्या दिवशी इस्त्री हातात घेतली, तर दाढ नसलेल्या जागी तीच कळ. मी परत जाऊन त्याच्याशी भांडले की चुकीची काढलीत, आता शेजारची काढा. तो हात जोडून म्हणाला, "बाई, जेवायला काहीतरी ठेवा की तोंडात!"

आणि बाकीचं म्हणशील तर, घाम यायचा तो वाफेचा. डावा हात भरून यायचा तो चादरींचा. धाप लागायची ती वयाची. पोटात ढवळायचं ते तुझ्या भावजींच्या बोलण्यानं. एकेका दुखण्याला मी एकेक मालक नेमून दिला होता, हृदयाच्या नावावर काहीच ठेवलं नव्हतं.

तुझे भावजी मात्र माझ्या उलट. त्यांना ढेकर अडकला तरी हार्ट अटॅक वाटतो. त्या दिवशी जेवण जरा जास्त झालं, तर छाती धरून खुर्चीत बसले आणि कपाटाची चावी कुठे आहे ते मला सांगायला लागले. (चावी माझ्याच कमरेला असते.) रिक्षात घालून हृदयाच्या दवाखान्यात नेलं. त्यांना जिना मीच चढवला, म्हणजे एका हातात नवरा, दुसऱ्या हातात पिशवी. लिफ्ट होती, पण भावजींना लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं. वर त्यांना खाटेवर निजवून छातीला वायरी लावल्या आणि मी बाजूच्या स्टुलावर टेकले. तेवढ्यात एक किडकिडीत डॉक्टर आले. चष्मा कपाळावर, खिशात अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. हे हृदयाचे मोठे डॉक्टर, त्यांचं हार्ट अटॅकवर संशोधन चाललंय, आणि त्यात घालायला नवीन पेशंट मिळतोय का ते बघायला ते आले होते. त्यांनी भावजींच्या ईसीजीची पट्टी बघितली, म्हणाले, यांना काही झालेलं नाही. भावजींचं तोंड उतरलं, परीक्षेत नापास झाल्यावर तुझं उतरायचं तसं. मग डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, काय बघताय? ते म्हणाले, "तुम्हाला एवढा घाम का आलाय?" मी म्हटलं, "काही नाही, जरा दाढ दुखतेय." "कुठली?" मी बोट लावून दाखवलं. तिथे दाढ नव्हती.

पुढचं भराभर झालं. भावजींना खाटेवरून उठवलं आणि त्यांच्या गरम झालेल्या गादीवर मला निजवलं. माझी पिशवी छातीशी धरून ते स्टुलावर बसले, आणि त्यांचा हार्ट अटॅक जो पळाला तो अजून परतला नाही. मनगटातून बारीक नळी घालून माझ्या हृदयाचे फोटो काढले. मला पडद्यावर दाखवलं. अरे, हृदयालासुद्धा रक्त लागतं, आणि ते पोचवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या वेगळ्या नळ्या असतात, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सगळ्या अंगाला वाढणारा तो, त्याला वेगळं कशाला वाढायला हवं. (घरातल्या बाईबद्दलही लोकांना असंच वाटतं, पण तो विषय निराळा.) तर माझ्या तिन्ही मोठ्या नळ्या आतून बुजत आल्यात. वापरून वापरून नळाचा पाइप आतून क्षार धरतो ना, तशा. तेव्हापासून मी याच दवाखान्यात खाटेवर आहे आणि हे पत्र मांडीवर जेवणाचा ट्रे ठेवून लिहितेय.

या डॉक्टरांच्या संशोधनाची गंमत सांगते. रक्त वगैरे घेतात ते घेतातच, पण प्रत्येक पेशंटला एक प्रश्न ठरलेला: दुखायला लागल्यापासून इथे येईपर्यंत मधल्या वेळात काय केलंत? आणि लोक काय काय सांगतात! समोरच्या खाटेवरच्या मास्तरांनी आधी दाढी केली, म्हणाले, डॉक्टरांसमोर असं कसं जायचं. पलीकडची बाई सगळ्या घराला जेवायला घालून, भांडी घासून आली. एकानं साल्याशी चाललेलं भांडण आधी संपवलं. मी दाढ काढली म्हटल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी बाबांचं सांगितलं. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. बाबा कामावरून आले, म्हणाले, "काही नाही, जरा पडतो," आणि मला रेडिओ मोठा कर म्हणाले. मी मोठा केला. गाणी संपून बातम्या लागल्या तरी बंद कर म्हणेनात, तेव्हा आई बघायला गेली. मग दादाचं सांगितलं. तो दुकानात एकटा होता. शेजारच्या चष्मेवाल्यानं बघितलं ना सगळं. छाती चोळत चोळत दादानं माल आत घेतला, शटर ओढलं, कुलूप लावलं, ते ओढून बघितलं. चष्मेवाल्यानं विचारलं, काय होतंय? म्हणाला, काही नाही. मग पायरीवर बसला. दुकान अगदी नीट बंद होतं, ठोंब्या. त्यात काही कसर नव्हती.

डॉक्टरांनी माझ्या खाटेसमोरच्या पाटीवर आपल्या घरातली माणसं काढून दाखवली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ: बाबांच्या चौकोनावर एक, दादाच्या चौकोनावर एक. माझा गोल अर्धा काळा केला. (मी म्हटलं, जरा नीट गोल काढा की, माझं डोकं असं चपटं आहे का?) आणि माझ्या शेजारी एक चौकोन नुसता कोरा. डॉक्टर म्हणाले, हा कोण? मी म्हटलं, हा आमचा ठोंब्या, लिफ्टवाला. ते म्हणाले, याचं कसं आहे? मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी "काही नाही" म्हणणार होते.

ते म्हणाले, अशा घरात नळ्या लवकर बुजायला लागतात ते कुणाच्या हातात नसतं, पण वेळेवर बघितलं तर पुष्कळदा गोळ्यांवरही भागतं. मी बरं म्हटलं. ते गेल्यावर बराच वेळ मी त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत होते. पुसायला आलेल्या बाईला मी पाटी पुसू दिली नाही. ती माझ्याशी अजून बोलत नाही.

असो. तुझ्या बायकोला आणि पोरीला आशीर्वाद. आईला यातलं काही कळवायचं नाही, तिला मी दाढेचं सांगितलंय. माझी काळजी करू नकोस, मी मजेत आहे. इथली उशी तेवढी दगडासारखी आहे.

तुझी,
ताई

ता. क. मजेत आहे म्हणजे, सोमवारी माझी छाती उघडणार आहेत. पायातली शीर काढून हृदयाला लावतात. बाहेर बसायला आणि सही करायला माणूस लागतं. तुझे भावजी कालच सहीचा कागद वाचता वाचता चक्कर येऊन पडले, आता ते माझ्या शेजारच्या खाटेवर आहेत. तेव्हा तू ये. यायचंच आहे, विचारत नाहीये.

आणखी एक ता. क. दवाखान्याची लिफ्ट बिघडलीय म्हणून तुला बोलवावं असं आधी ठरवलं होतं, हत्यारांची पिशवी घेऊन तू धावत आला असतास. पण लिफ्ट चांगली आहे. तिनंच वर ये, जिना चढायचा नाही. रविवारी सकाळी ये आणि उपाशीपोटी ये. तुझं रक्त घ्यायचं मी डॉक्टरांशी ठरवून टाकलंय. चिडायचं असेल तर सुई टोचून झाल्यावर चीड.

शेवटची ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. मघाशी नर्स विचारून गेली, काही होतंय का. मला होत होतं. माझ्या तोंडून निघालं, काही नाही. ती दारापर्यंत गेली तेव्हा मी तिला हाक मारून परत बोलावलं आणि सांगितलं. मला जमलं. तुलाही जमेल. ये.