डोळे उघडून मिळतील

१२ सप्टेंबर २००३, शुक्रवार

आजपासून मी मुरबाडकर! शहापूरहून निघताना आईने तीनदा बजावलं की पितृपक्षात नवी नोकरी धरू नये. मी म्हटलं, पितर काय मला कामावरून काढणार आहेत? तिने कपाळाला हात लावला, पण डबा दिला.

जनाआत्याकडे पिशवी टाकली आणि थेट हरेशदादांचा स्टुडिओ गाठला. दादा पन्नाशीचे, मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात आणि फोटो हाताने रंगवण्यात त्यांची हयात गेली. आता कॉम्प्युटर घेतलाय आणि त्याला हात लावायला घाबरतात. माउस चावेल की काय, असा धरतात. म्हणून मला ठेवलंय. इथे वर्षभरात हात बसवायचा आणि ठाण्याला डिझायनर म्हणून जायचं, हे माझं पक्कं ठरलंय. बाहेर पाटी आहे, 'मयताच्या फोटोचे डोळे उघडून मिळतील.' वाचून मला हसूच फुटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कल्याणहून एक सर येतात शिकवायला. आज फोटोशॉपमधले लेयर शिकले. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं असतं. तळाला फोटो, त्यावर कुंकू, त्यावर कोट. प्रत्येक लेयरसमोर एक छोटा डोळा असतो. त्यावर क्लिक केलं की डोळा मिटतो आणि तो कागद दिसेनासा होतो. पुन्हा क्लिक केलं की हजर! चुकलं तर केलेलं मागे घ्यायला अन्डू आहेच. ही सोय आधी मिळाली असती तर बारावीचा गणिताचा पेपर नव्याने लिहिला असता.

पाटीचा अर्थही कळला. पाड्यांवर कितीतरी जणांचा जन्मभरात एक फोटो निघत नाही. माणूस गेलं की उचलण्याआधी घाईघाईने काढतात, तो डोळे मिटलेला. तसा भिंतीवर लावायला घरच्यांचा जीव धजत नाही. मग दादा ब्रशने डोळे उघडून देतात. त्यांनी जुनी कामं दाखवली. हात सुरेख, पण नजर विझलेली. बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपकाच नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. दादा म्हणाले, त्यो ठिपका जित्या माणसाचा असतोय, मयताला नाय द्यायचा. त्यांच्या उस्तादांनी सांगितलंय म्हणे. मी मान डोलावली. जुन्या माणसांशी वाद कोण घालणार?

२० सप्टेंबर, शनिवार

डोळखांबकडच्या एका पाड्यावरून लखमा आला होता. त्याची बायको चिमी भादव्याच्या सुरुवातीला गेली. तिचा एकच फोटो, तोही गेल्यावरचा. तो बाकावर बसून राहिला आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, तिनं माज्याकडं बघाय पाहिजे गो, येवढंच कर.

दादा बाहेर गेले होते. माउसने डोळे काढून बघितले तर बकरीचे झाले. मग मला सुचलं. सरावासाठी माझा पासपोर्ट फोटो स्कॅन केलेला होता. लहानपणापासून सगळे माझ्या डोळ्यांचं कौतुक करतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं. तेच डोळे सिलेक्ट केले, कडा मऊ केल्या, चिमीच्या चेहऱ्यावर बसवले. लेयरला नाव दिलं, 'डोळे'. पांढऱ्या ठिपक्यासकट.

प्रिंट बघून लखमा ढसाढसा रडला. हेच काम आयुष्यभर करावं असं वाटलं.

संध्याकाळी मॉनिटर अंधुक वाटला, उजेड थोडा वाढवून घेतला.

२४ सप्टेंबर, बुधवार

उद्या सर्वपित्री, म्हणून झुंबड. धसईच्या सकुबाईंचा फोटो केला आणि वैशाखऱ्याच्या कमळूबाबांचा. तोच 'डोळे' लेयर, फक्त भुवया बदलल्या. दोन्हीकडचे लोक खूश. दादांनी ठिपका बघितला आणि पाठ फिरवून ब्रश धुवायला गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मॉनिटर आता पूर्ण उजेडावर ठेवला तरी कमी पडतोय. चष्मा लागणार बहुतेक. आईला कळलं तर ती कॉम्प्युटरलाच शिव्या घालेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी जेवून आत्याच्या ओटीवर पाठ टेकली. डोळे मिटले आणि समोर एक खोली दिसली. स्वप्न नव्हतं, मी टक्क जागी होते, आत्याच्या भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. खोली वरून दिसत होती, मी भिंतीवर चढून बसले असावे तशी. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली जमीन. खाली एक माणूस जेवत होता. त्याच्या हातून ताटली निसटली आणि सगळा भात सांडला. त्याचा चेहरा बघून मला हसू आलं. मग त्याने वर बघितलं. लखमा होता.

डोळे उघडले. ओटी, आत्या, मांजर. सगळं जागच्या जागी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लखमा काकड्या घेऊन आला होता, माझे उपकार मानायला. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. 'शनवारी माजा भात सांडला तं चिमी फोटूत हासली. मी बघितली ना.'

मी काकड्या घेतल्या. मी कुणाला काय सांगू?

१५ ऑक्टोबर, बुधवार

आता तीन खोल्या दिसतात. एकदा पापणी मिटली की धसई, पुन्हा मिटली की वैशाखरे. सकुबाईंच्या घरी सकाळी उदबत्ती लावतात तेव्हा इथे माझे डोळे चुरचुरतात. कमळूबाबांच्या फोटोला झेंडूचा हार आहे. त्यातलं एक फूल डाव्या डोळ्यावर येतं आणि मला दिवसभर डाव्या बाजूला केशरी दिसतं. झोप नाही. मिटायला माझे स्वतःचे डोळेच उरलेले नाहीत.

आत्या म्हणाली, पोरी, तुझी नजर अशी दगडी का झाली? आरसा खिडकीत नेला. भर उन्हात उभी राहिले.

माझ्या बुबुळात ठिपका नाही.

१६ ऑक्टोबर

दादांना सगळं सांगितलं, रडले. त्यांनी मला बोल लावला नाही. म्हणाले, दिलेला ठिपका विझवाय लागंल, काळी शाई लावून. कॉम्प्युटरमधली फाइल तर मी त्यांना सांगण्याआधीच पुसली होती. काही फरक नाही. भिंतीवरच्या तसबिरींना अन्डू नसतो.

२९ ऑक्टोबर

दिवाळीमुळे उशीर झाला. सकुबाईंच्या मुलाने आज तसबीर स्टुडिओत आणून दिली. समोर ठेवली. किती दिवसांनी मला सगळं लख्ख दिसलं, अगदी कीबोर्डवरची अक्षरंसुद्धा! दादांनी सगळ्यात बारीक, शून्य नंबरच्या ब्रशने दोन्ही ठिपके बुजवले. धसईची खोली गेली. सुटले!

आत्याकडे जाताना रस्ता राखेतून बघितल्यासारखा दिसला. थकवा असेल.

४ नोव्हेंबर

वैशाखऱ्याचे लोक वर्षश्राद्धाआधी तसबीर उंबऱ्याबाहेर काढू देईनात. दादा स्वतः गेले आणि तिथेच शाई लावून आले. दुपारी कमळूबाबांची खोली विझली ते मला इथे कळलं. केशरीही गेलं.

आता हात डोळ्यांपुढे धरला तर नुसती सावली. दादा म्हणतात, तिसरा विझला की सगळं सुधरंल.

८ नोव्हेंबर

लखमा भिवंडीला वीटभट्टीवर गेला. घर बंद, किल्ली शेजारी. मी बंद घरात टांगलेली आहे. दारातल्या फटीएवढा उजेड. काचेवर खालून मातीची रेघ चढतेय — वाळवी. काल हनुवटीपर्यंत होती.

दादांचे पाय धरले. उद्या सकाळी निघतो म्हणाले.

९ नोव्हेंबर

पट्टी ठेवून चाचपडत लिहितेय. ओळीवर ओळ चढली असेल. आज उठल्यापासून इथलं काहीच दिसत नाही. सावलीसुद्धा नाही. आत्याने हात धरून ओटीवर बसवलं.

दादा गेले. दोन तासांची वाट.

आता डोक्यात लख्ख पडतंय — सकुबाईंची तसबीर समोर होती तेव्हा मला नीट दिसत होतं. ठिपका बुजवला तेव्हा अंधारलं. वैशाखऱ्याला बुजवला, आणखी अंधारलं. तो विझवायचा नव्हता. परत आणायचा होता. माझ्यासमोर. तो माझाच —

आत्याला म्हटलं, दादांना अडव. ती म्हणाली, त्यांला जाऊन दीड तास झाला गो.

आता उरलाय तो तेवढाच. भिंतीवरचा.

कुलूप वाजतंय. इथे नाही, तिथे.

दार उघडलं. ऊन! दादा. चपला बाहेर काढल्या. हात जोडले. मी ओरडतेय — आत्या घाबरलीय, मला धरतेय — दादांना ऐकू येत नाही.

बाहीने वाळवीची माती पुसली. तसबीर उतरवली. काच काढली — किती स्वच्छ दिसतं! त्यांच्या मिशीतले पांढरे केस. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. माझ्यासाठी. हसतायत. म्हणत असतील, झालंच पोरी —

बाटली उघडली.

नको दादा, न्या मला, अशीच न्या

ब्रश

उजवा गेला

दादा डावा तरी राहू द्या, मी इथे आहे, मी यातूनच बघ