किडनीच्या आडून

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तपासणीचा कागद हातात पडला आणि त्या क्षणी माझं सगळं फिरलं. गोदामातल्या कायम नोकरीसाठी रक्त दिलं होतं. क्रिएटिनिनपुढे १.७ आणि शेजारी वर तोंड केलेला ठळक बाण. मोबाइलवर शोधलं तर किडनी, किडनी आणि किडनी. डॉक्टरांनी गुरुवारी भेटायला बोलावलं होतं, मी गेलो नाही. वाईट बातमी दोनदा कशाला ऐकायची?

आई-बाबांना कळवू नकोस. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा तसेही फोनवर फक्त हवापाणी विचारतात.

जिच्यावर जीव आहे, तिला मात्र कळवलं. आजाराचं नाही, एवढंच की माझा नाद सोड, माझ्या मनात आता काही उरलेलं नाही. पत्र पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून पाहिला, पोचला नाही. तिने आयुष्यभर आजाऱ्याच्या उशाशी का बसावं? खोलीत एकच खुर्ची आहे, तिच्यावर माझे कपडे बसतात. मी पलंगावर. दिवसच्या दिवस कुणी कुणाशी बोलत नाही.

लोभ आहेच, सध्या थोडा वाढवून दे.

तुझा,
धाकटा


दि. ८ फेब्रुवारी

चि. फटाक्या,
अनेक आशीर्वाद, आणि दोन धपाटे वेगळे.

नऊ वर्षं मी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते आणि माझा सख्खा भाऊ मोबाइलला विचारून मरायला निघतो! खरं सांग, जिमवाल्यांची ती पांढरी पावडर खातोयस ना? मागच्या खेपेला तुझ्या बॅगेत डबा दिसला, मी पीठ समजले.

ते क्रिएटिन. आपल्या अंगातही तयार होतं आणि बहुतेक सगळं स्नायूंत राहतं. तू कपाट उचलतोस तेव्हा स्नायूच्या पेशी एटीपी नावाचा रेणू मोडून जोर काढतात. तो दोन-तीन सेकंदांत संपायला येतो. तिथे क्रिएटिन उपयोगी पडतं. आराम चालू असताना त्याने फॉस्फेटचा एक तुकडा धरून ठेवलेला असतो. तो झटकन देऊन टाकतं आणि मोडलेला एटीपी पुन्हा तयार होतो. म्हणून तुझा जोर आणखी काही सेकंद टिकतो. मग तू दम खातोस तेव्हा पेशी क्रिएटिनला पुन्हा फॉस्फेट जोडून ठेवतात. पावडरीने हा साठा थोडा वाढतो, इतकंच.

यातलं थोडं क्रिएटिन रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं. पावडर खाणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असूनही चढू शकतो. शकतो म्हटलंय, छातीठोकपणे डॉक्टरच सांगतील. त्यांच्याकडे जा, पावडरीचं लपवू नकोस, ती बंद कर, पुन्हा रक्त दे.

त्या पोरीबद्दल मात्र पोटात तुटतं रे. तिला काय हवंय, एकदा विचारलंस? तुझा सगळा जोर पहिल्या दहा सेकंदांचा, लहानपणापासून.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पावडर बंद करून महिन्याने रक्त दिलं. आकडा १.१. आणखी एक वेगळी तपासणीही केली; किडन्या ठीक आहेत. सोमवारी गोदामात रुजू होतोय. हे सांगायला खोलीत कुणी नव्हतं, म्हणून खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, शर्ट संध्याकाळी मिळेल.

तिचं उत्तर परवा आलं. दोन ओळींचं. नाद सोडला, असं लिहिलंय. आणि कारण विचारायला ती दोनदा माझ्या जिन्यापर्यंत येऊन परत गेली होती. ताई, दोन्ही वेळा मी आतच होतो गं.

आधी वाटलं, रिपोर्ट नेऊन तिच्यापुढे धरावा, म्हणजे तिला माझी कीव येईल. पण तिच्या वाटणीचा निर्णय मी परस्पर घेतला, किडनीने नाही. तेव्हा आज तिच्या घरी जातोय, पण कागद इथेच टेबलावर राहील. तिने दार उघडलं तर माफी मागेन आणि गप्प बसून तिचं ऐकेन. नाही उघडलं, तर तोही तिचाच निर्णय.

आजच्यापुरता तुझा लोभ माझ्यामागे उभा असू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र वाटेत पेटीत टाकतो. चपला घातल्यात. निघालो, दार ओढून घेतो.