आतून-बाहेरून खरा मनोरा

३ मार्च
केक नाही म्हणजे नाही! बेकरीवाल्याने आज स्वतःच्या तोंडाने कबूल केलं — तीन मजल्यांपैकी खालचे दोन थर्माकोलचे, वरून नुसतं क्रीम. "सगळे असाच नेतात, मॅडम." सगळे! ढोंगाविरुद्ध गावोगाव भाषणं देणाऱ्या बाईच्या लेकीने लग्नात थर्माकोलसमोर उभं राहायचं? तिथल्या तिथे जाहीर केलं, फळांचा मनोरा करू. आतून-बाहेरून खरा. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या.
लेक म्हणाली, "चालेल."

४ मार्च
"चालेल" म्हणजे काय? "आवडेल" का नाही म्हणाली?

६ मार्च
यांना विचारलं, तिला केक हवा होता का हो? पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तिलाच विचार."
विचारलं. "अगं, चालेल म्हटलं ना, आई!" मग मी साखरेचा सगळा इतिहास सांगितला. उसाचे मळे, गुलाम, जहाजं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पटलं की नुसतंच ऐकलं? सभागृहात शेवटच्या रांगेतल्याचं मन मला कळतं. समोरच्या खुर्चीतल्या पोरीचं कळेना!

१० मार्च
पहिला प्रयोग, जेवणाच्या टेबलावर. लाकडी फळीवर कलिंगड, त्यावर खरबूज, त्यावर अननस. एकमेकांत बांबूच्या काड्या. भोवती द्राक्षं, स्ट्रॉबेरी टोचलेल्या. काय देखणा दिसत होता! चहा गाळेपर्यंत उभा राहिला. मग खरबूज घसरलं आणि अननस थेट यांच्या कपात.
नणंद पोट धरून हसली. "वहिनी, मधे थर्माकोलचा खांब घाल. सगळे घालतात."
पुन्हा सगळे! मी उभी राहून तिला सुनावलं. साधन खोटं असेल तर साध्यही खोटं, वगैरे. ती म्हणाली, "मला पटलं गं. पण फळं काय तुझे श्रोते आहेत, जागेवर बसून राहायला?"
लेक खाली वाकून चहा पुसत होती. ती हसली नाही.

१३ मार्च
पुन्हा पडला.

१४ मार्च
काड्या जाड घेतल्या. पुन्हा पडला! घरभर फळांचा वास. वाचनात लक्ष नाही. लेक दारात येऊन म्हणाली, "आई, नसला मनोरा तरी चालेल." म्हणजे मनोराही चालेल, नसला तरी चालेल! या मुलीला नक्की हवंय तरी काय?

१६ मार्च
लग्न झालं. मनोरा उभा राहिला!
सकाळी हॉलमध्ये रचला तेव्हा डावीकडे कललेला होता. मी रडकुंडीला आले. नणंदेने मला ढकललंच, "जा, आधी कपडे बदल. आम्ही बघतो." परत येऊन पाहते तर ताठ, सरळ! म्हणजे काड्याच बसायला वेळ घेत होत्या. लेकीला जवळ घेतलं तर तिचे हात चिकट. "काय गं हे?" "घाम, आई. टेन्शन."
मग माइक घेतला. म्हटलं, या मनोऱ्यात खोटं असं काही नाही! संसारही असाच करा! टाळ्याच टाळ्या. सगळ्यांत जोरात लेकीच्या.

१७ मार्च
हॉलवाल्याने उरलेलं सामान खोक्यातून पाठवलं. वरची फळं फस्त झालेली, फळीवर नुसतं कलिंगड. शेजारी वाटावं म्हणून उचलायला गेले. सुटेना. सुरी घातली — गर नाही, थर्माकोल! खालून नीट कोरून बसवलेलं. मधून सळई, फळीला आवळलेली.
यांच्याकडे पाहिलं. पेपर आणखी वर गेला. "स्क्रू फक्त मी आवळले," म्हणाले.
लेकीला फोन लावला.
"आई, तू बोलणार होतीस ना त्याच्यावर. सगळ्यांसमोर पडू कसा देणार?"
"तुला केक हवा होता?"
"खरं सांगू?"
ओठांवर चार वाक्यं आली होती. गिळली.
"सांग," म्हटलं.