आत्याचे सुटे फर्मे

४ ऑगस्ट

चि. सौ. टिटवीस,
अ. आ. आणि एक धपाटा. तो कशासाठी, ते पुढे कळेलच.

फोनवर तुझं सगळं बोलणं हो, बरं, ठेवते एवढ्यात आटपतं आणि मागे तुमच्या लॉन्ड्रीतली मशिनं घरघरत असतात. म्हणून तुला पत्रात गाठते आहे. इथून पळता येणार नाही.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. मोतीबिंदू नाही. तो असता तर काढून मोकळी झाले असते. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चाललाय म्हणे. पार आंधळी होणार नाही, पण वाचता येणं जाईल, आणि बहुतेक या हिवाळ्यातच, असं त्यांनी सरळ सांगितलं. जन्मभर पुस्तकं बांधून पोट भरलेल्या बाईचं वाचणंच काढून घेतलं तर मागे उरतं काय, असं मी विचारलं. त्यांनी रेडिओ सुचवला. मी पिशवी उचलून घरी आले.

आता धपाट्याचं कारण. तू माझ्याकडे राहायचीस तेव्हा आपण एकच पुस्तक एकाच वेळी वाचायचो, आठवतं ना? जाडं पुस्तक आलं की मी त्याची शिवण उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे. एक फर्मा मी वाचून तुझ्याकडे सरकवला की तू तो घ्यायचीस आणि मी पुढचा. दोघींचं वाचून झाल्याशिवाय पुस्तक पुन्हा बांधायचं नाही, हा नियम. बाइंडरबाई घरची पुस्तकं फाडते म्हणून शेजारी हसायचे. हसू देत.

ती नावाड्यांच्या घराण्यावरची कादंबरी अर्धी झाली आणि तुझं लग्न ठरलं. तेव्हापासून उरलेले फर्मे कपाटात सुतळीने बांधून पडलेत. एकटीने पुढे जायची इच्छाच झाली नाही. आता मात्र मला ते पुस्तक पुरं वाचायचंय, तुझ्यासकट, आणि माझ्या हाताने बांधायचंय. मग डोळ्यांना जायचं तर खुशाल जाऊ दे.

उरलेल्यांतला पहिला फर्मा सोबत पाठवते आहे. मी वाचलाय. मागचं विसरली असशील तर एवढं पुरे: थोरला भाऊ नाव चालवतो, धाकटा पूल बांधणाऱ्यांकडे कामाला लागलाय आणि त्यावरून दोघांत विस्तव जात नाही.

फर्मा आणि लोभ दोन्ही उलट टपाली यावेत.
तुझी,
आत्या


१९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ चोळत लिहिते आहे.

तुझं पत्र काउंटरवरच वाचलं आणि तिथेच रडले. तुझ्या जावयांना वाटलं, हात भाजला. ते धावत पाणी घेऊन आले. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं का, औषध काही आहे का, इंजेक्शन असतं म्हणतात ते आपल्याला चालेल का, हे सगळं मला सविस्तर कळव. चेष्टेवारी नेऊ नकोस.

फर्मा मात्र परत पाठवत नाहीये, कारण वाचलेला नाही. तुझ्याशी खोटं बोलून मला पचणार नाही. आल्या दिवसापासून तो ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. सकाळी दुकान उघडलं की रात्रीची बोचकी, मग डाग काढायचे कपडे, मग इस्त्री, मग कुणाची तरी बाही आखडली म्हणून भांडण. वेळ नाही गं.

पण हे अर्धंच खरं. जेवणं झाल्यावर मोबाइल हातात घेते आणि कुणी अनोळखी बाई तिचं कपाट कसं लावते ते तासभर बघत बसते. माझं कपाट आहे तसंच. काल निश्चय करून फर्मा उघडला. पहिला परिच्छेद तीनदा वाचला. डोळे ओळीवरून पुढे जातात आणि मी कुणाच्या तरी कोटावरच्या डागापाशीच. पूर्वी मी जेवताना वाचायचे, वेणी घालताना वाचायचे, तू हाका मारून दमायचीस. ती मुलगी कुठे गेली? मला भीती वाटली, आत्या. तुझं वाचणं डोळ्यांमुळे चाललंय आणि माझं तर डोळे धड असताना गेलं.

रागावलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.
तुझी,
टिटवी


२६ ऑगस्ट

चि. सौ. टिटवीस,
अ. आ.

रागावले नाही. इंजेक्शनांचं विचारलंस, तर ती ज्या प्रकाराला चालतात तो माझा नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. झालं? आता तो विषय बंद.

तू वाचायला तास शोधतेस, तिथेच फसतेस. मोकळा तास तुझ्या बापालाही कधी सापडला नाही, माझाच भाऊ तो, मला माहीत आहे. मशीन फिरत असतं तेव्हा तू काय करतेस? त्याच्याकडे बघत उभी राहतेस. तू बघितलं नाहीस म्हणून ते थांबणार आहे का? तेवढ्यात दोन पानं होतात. दोनच वाच आणि घडी घालून खिशात टाक. मन पळालं तर ओठ हलवून वाच, पहिलीतल्या मुलांसारखं. लोक बघतील. बघेनात का! आणि वर्णनं गाळून पुढे पळायची तुझी जुनी खोड आहे, तर गाळ बापडे. आवडलं तर मागे येशीलच.

फर्मा घडी पडून, साबणाचे डाग पडून आला तरी चालेल. न वाचता आला तर मात्र माझ्यापाशी यायचं नाही.

मी भिंग घेऊन बसते, ओळीखाली पट्टी ठेवते. हळूहळू जमतंय. आणखी एक फर्मा पाठवते आहे.

जावईबापूंना आशीर्वाद आणि तुझ्यावर लक्ष ठेवण्याची सूचना.
तुझी,
आत्या


७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वाचते आहे गं, वाचते आहे! तुला वेगळं सांगायला नकोच, फर्मे येतात-जातात त्यावरून कळतच असेल. ड्रायर सुरू झाला की मी स्टुलावर. पहिले काही दिवस जीव नुसता कासावीस व्हायचा, हात आपोआप मोबाइलकडे जायचा. मग मोबाइल इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवायला लागले. परवा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दुसऱ्याची पावती लागली आणि त्याने दुकान डोक्यावर घेतलं. त्याला काय सांगू, मी त्या वेळी नदीला आलेल्या पुरात होते म्हणून?

दुसरी गंमत. तुझे जावई. ज्यांनी आजवर साबणाच्या पोत्यावरच्या सूचनांपलीकडे काही वाचलं नाही, ते आता टपाल आलं की माझ्याआधी पाकीट फोडतात. वर मी वाढत असताना पुढे काय झालं ते सांगायला लागतात. मला कानात बोटं घालावी लागतात. एका हाताने वाढायचं आणि दोन्ही कान झाकायचे कसे?

पण आत्या, हा आत्ता आलेला फर्मा! काय लेखक आहे गं! आदल्या फर्म्यात थोरला पुरात वाहून गेला. मी ढसाढसा रडले. आणि या फर्म्यात तो घरात बसून, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून भावजयीशी हुज्जत घालतोय! मेलेला माणूस! आणि घरात कुणालाही त्याचं काही वाटत नाही. मी दोन दिवस याच विचारात इस्त्री फिरवली. मग लक्षात आलं, माणूस गेला तरी त्याची किरकिर घरात राहतेच, असं त्याला सांगायचंय. जावई म्हणतात लेखकाचं डोकं फिरलंय. यावरून आमचं जोरदार वाजलं. आता निकाल तू द्यायचास. तुला वाचताना काय वाटलं?

उत्तराची वाट बघतोय, दोघंही. लोभ आहेच.
तुझी,
टिटवी


१५ ऑक्टोबर

चि. सौ. टिटवीस,
अ. आ.

तुझं पत्र शेजारच्या नर्सबाईंनी मला वाचून दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या गेल्यावर मी रडले, तेही सांगून टाकते.

अगं, मेलेला माणूस जेवायला आला नाही. माझ्याच हातून दोन फर्म्यांची अदलाबदल झाली. मिठाचं भांडण आधी आणि पूर नंतर. पानांवर आकडे छापलेत, तू बघितले नाहीस. जावयांनीही नाहीत. आत्याने पाठवलेला फर्मा चुकेल कसा, असंच वाटलं ना? जन्मभर पुस्तकं बांधली, एक पान कधी इकडचं तिकडे झालं नाही. आणि झालं ते आपल्याच घरच्या पुस्तकात.

तू विचारतेस, मला वाचताना काय वाटलं. हे दोन फर्मे मी वाचलेलेच नाहीत. डॉक्टरीणबाई हिवाळ्यापर्यंत म्हणाल्या होत्या, पण डोळ्यांना घाई झाली. ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जातं, कडेची तेवढी दिसतात. भिंगाने डाग मोठा होतो, बस्स. तुला सांगितलं असतं तर तू वाचणं सोडून रडत बसली असतीस. तुझं कुठे आत्ता सुरू झालं होतं, ते मोडवेना. म्हणून न वाचताच पाठवत गेले.

आता उरलेले सगळे फर्मे एकदम पाठवते आहे, नर्सबाईंकडून आकडे लावून घेतलेत. मी मागे राहिले, तू पुढे हो. वाचून झाले की परत पाठव, मी चाचपून शिवीन. शेवटी काय झालं ते दोन ओळींत कळव म्हणजे झालं. हे पत्रही त्यांनीच लिहिलंय, सही तेवढी माझी, ती वाकडी आली असेल तर सांभाळून घे.

तुझी,
आत्या


२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. फोडलेलं नाही. जावयांच्या हातून ते कसं वाचवलं, माझं मला ठाऊक.

दोन ओळींत शेवट? डोंबल! तू मला पहिल्या पानापासून बोट धरून नेलंस आणि पलीकडच्या तीरावर मी एकटी उतरू? ते होणे नाही. नियम तुझाच आहे, दोघींचं वाचून झाल्याशिवाय बांधायचं नाही. तुझं वाचून झालेलं नाही.

गुरुवारी सकाळी येतोय. पाकीट घेऊन. मी मोठ्याने वाचणार, तू ऐकायचंस. जावईही येणार म्हणून हटून बसलेत. मी म्हटलं दुकान कोण बघेल, तर ते म्हणाले की दुकान कुठे पळून जातंय, थोरल्याचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय मला इस्त्री सुचणार नाही. त्यांनीच दारावर पाटी लावली, पुस्तक वाचायला जात आहोत, दुकान सोमवारी उघडेल. कालपासून माणसं थांबून विचारतात, घरात काही वाईट घडलंय का. नेहमीच्या वकीलसाहेबांनी पाटी दोनदा वाचली, पुस्तक कोणतं ते विचारलं आणि कोटाची घाई नाही म्हणाले.

रडणार नाही, असं वचन देत नाही. लोभ तिथे येऊन वसूल करते.
तुझी,
टिटवी


९ नोव्हेंबर

चि. सौ. टिटवीस,
अ. आ. तुला आणि माझ्या नव्या वाचकाला.

पुस्तक बांधून झालं. तू जाताना सुया ओवून ठेवल्या होत्यास त्या सगळ्या पुरल्या. जुनी भोकं बोटाला लागतात, त्यामुळे शिवण चुकली नाही. पाठ जराशी तिरकी झालीय असं हे पत्र लिहून घेणाऱ्या नर्सबाई म्हणतात. गिऱ्हाइकाचं असतं तर उसवून पुन्हा केलं असतं. घरचं आहे, राहू दे.

तू फार घाईने वाचतेस, स्वल्पविरामाला थांबतच नाहीस. पण वाचतेस छान. शेवटच्या पानाला जावई नाक शिंकरत होते आणि डोळ्यांत साबण गेला म्हणत होते. माझ्या घरात साबण कुठला आला? त्यांना सांग, मीही रडले. पुस्तक संपलं म्हणून नव्हे. तुम्ही दोघं आलात म्हणून. मला वाटलं होतं वाचणं गेलं की मी एकटी पडेन. चार दिवस घर भरलेलं होतं.

नर्सबाई म्हणतात आता रोज थोडं त्या वाचतील. पण त्यांची ड्यूटी कधी सकाळी, कधी संध्याकाळी. तू आठवड्यातून एकदा फोनवर वाचून दाखवशील का? काय वाचायचं ते तूच ठरव. दोनच पानं चालतील, ड्रायर फिरत असताना. मशीनच्या आवाजाचं मी सांभाळून घेईन.

आता तुझ्या रुसव्याबद्दल. जावयांनी मला फोनवर सांगितलं. एवढं दुकान बंद ठेवून आलीस, घसा फुटेपर्यंत वाचलंस आणि आत्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसली, असं तुला लागलं ना? थोरला पुरातून वाचून परत आला, दोन्ही भाऊ पुलावर भेटले, तुझा आवाज भरून आला, तेव्हाही माझं तोंड खिडकीकडेच. तू मध्येच थांबून विचारलंस की माझं लक्ष आहे ना, आणि मी नुसती मान हलवली. तेव्हा कारण सांगितलं असतं तर तुला पुढे वाचता आलं नसतं.

सरळ बघितलं की तुझा चेहराच पुसला जायचा, टिटवे. खिडकीकडे तोंड केलं की कडेला तू दिसायचीस, नाक लाल झालेली, ओठ हलवत वाचणारी. चारही दिवस मी तुलाच बघत होते.

लोभ आहे, तो असू दे.
तुझी,
आत्या