ओढ्यावर धुतलेलं पोतं

आबा, तुमचं शेवटचं पोतं आज जाळलं. ज्याच्यावर बसून तुम्ही सांगलीच्या सोनारांचा केर गाळायचात, ते. तुम्ही गेल्यापासून माळ्यावर होतं. तुमच्या नातवानं, माझ्या पोरानं, विश्रामबागेत भट्टी घातलीय. खाणीतली, डोळ्याला नुसती मातीच दिसणारी हलकी दगडमातीही गाळतो. तो म्हणाला, "अण्णा, किती वर्षं सांभाळणार? कणभर तरी निघेल." सकाळपासून मला बसवत नव्हतं. दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा तसाच गार केला.

वर्षभर उडालेला सोन्याचा कण न् कण त्या पोत्यात मुरायचा. दसऱ्याआधी ते जाळायचं, राख पाण्यात घोळवायची, तळाला उरेल ते टाकणखार घालून मुशीत आटवायचं. निघेल ते घरचं. मी शिकून परतलो त्या वर्षी त्यातून आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या व्हायच्या होत्या. मी साताऱ्याला मामांकडे शिकलो, तुमचा धंदा नुसता ऐकून माहीत, पोत्याचं काहीच ठाऊक नव्हतं. बी. ए. होऊन आलो आणि वाटलं, सणाला आबांचं आसन मळकं नको. ओढ्यावर नेलं आणि शाळेतल्या कविता मोठमोठ्यानं म्हणत, वाहत्या पाण्यात, साबण लावून धुतलं. अजून आठवतं, काय सुंदर ऊन पडलं होतं!

दोरीवरच्या पोत्यावरून तुम्ही हात फिरवताय. "गड्या, माझं वरीस धुऊन आलास की रं." एवढंच. मग आत जाऊन आईला सांगितलंत, "औंदा माल लय हलका निघाला."

"आवं, माल कशाला? तुमचाच हात हलका झालाय," आई म्हणाली, आणि पुढं जन्मभर, आल्यागेल्यासमोर म्हणत राहिली. तुम्ही चुन्याची डबी उघडायचात. मी भाकरी मोडत राहायचो. तिच्या गळ्यात शेवटपर्यंत काळे मणीच राहिले.

आज निदान तुमच्या नातवाला तरी सांगायचं, असं ठरवून भट्टीपाशी खुर्ची टाकली होती. मूस ओतली. निवल्यावर त्याच्या तळहातावर मुगाच्या डाळीएवढं पिवळं.

"एवढंच?" तो म्हणाला. "आजीचं खरं होतं म्हणायचं, अण्णा. आज्जाचा हात हलकाच!"

ओढा अगदी ओठांवर आला होता. आता हे कागदावर लिहितोय, तर कागद वहीत घालून ठेवीन, पोराला दाखवणार नाही. तो हसला, आबा. आणि त्याच्याबरोबर मीही हसलो.