आधी चिमटा धरा

प्रिय आई,

“घरातलं दुखणं वेशीवर टांगायचं नसतं,” असं तू म्हणाली होतीस, तुझ्या पाच वर्षांच्या नातीला मधुमेह निघाला तेव्हा. मी ते टांगलंच. अशाच मुलांच्या आईबापांचा फोनवर गट आहे, दर रविवारी व्हिडिओवर भेटणारा; तुझ्या नकळत मी त्यात पाच वर्षं आहे.

काल तिथं एक नवी आई लेकराला इन्सुलिन टोचायला धजेना. आता दहा वर्षांची झालेली तुझी नात कॅमेऱ्यासमोर बसली, स्वतःच्या पोटाला सुई लावली आणि म्हणाली, “काकू, रडायचं नंतर. आधी कातडीला चिमटा धरा.” काकूंनी टोचलं! चाळीस घरांतून टाळ्या वाजल्या.

तू नाहीच म्हणशील, म्हणून हे पत्र टाकत नाहीये. तरी विचारते: पुढच्या रविवारी तिच्या शेजारी बसशील, कॅमेऱ्यासमोर?

तुझी,
आगाऊ लेक