अकरा गुण

सोम. ११ मे १९९२, जळगाव
तपासणीचा चौथा दिवस. पंखा फिरतो, वारा नाही. बी.ए. इतिहासाचे गठ्ठे. प्रश्न तिसरा : तैनाती फौजेच्या तहांमुळे देशी राज्यांना काय मिळाले? नमुना उत्तरात चार मुद्दे. संरक्षण, शांतता, स्थैर्य, रस्ते. गठ्ठाभर पोरांनी हेच ओतलंय. मीही मुकाट्याने गुण दिले. लाज वाटते.

मंगळ. १२
आज एक सापडला! अक्षर कोंबडीचे पाय. लिहितो : ‘काय मिळाले विचारले आहे, मी काय गेले ते लिहितो. आधी वेशीबाहेर छावणी पडली, मग तहाचा मसुदा आला. शेजारच्या राज्याशी परस्पर बोलायचे नाही. फौज इंग्रजांची, खर्च आपला. दरबारात नजर ठेवायला त्यांचा रेसिडेंट. राजाने सही केली म्हणजे त्याची मर्जी होती असे नाही.’
पंधरापैकी अकरा दिले. फार बरं वाटलं.

बुध. १३
आम्ही दिलेले गुण फेरतपासणाऱ्या मॉडरेटर सरांनी (यापुढे मॉ.) अकराचे तीन केले. नमुना उत्तरातला एकही मुद्दा नाही म्हणे. तीन धरले तर पोरगा नापास. बदलापुढे माझी सही हवी. नाही केली.
मॉ.नी चहा मागवला. देवपूरच्या कॉलेजात मी सहा वर्षं तात्पुरतीच, कायम करायची मुलाखत २१ला, समितीत मॉ. आहेतच. या सगळ्याची त्यांनीच आठवण करून दिली. “मॅडम, सही करा. पुढचं आम्ही सांभाळून घेऊ.”
सांभाळून घेऊ! दरवर्षी वर्गात या तहांबद्दल मी दुसरं काय शिकवते? डोकं तापलं. चहा तसाच ठेवून उठले.

रवि. १७, गावी
नरडाण्याला उतरून घरी आले. आबांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. ते रेल्वेत गँगमन होते, ऐकून घ्यायची सवय.
“सही करी का तू?”
नाही म्हटलं.
“मंग कसाले रडस?”
रडत नव्हते. बरं, थोडी रडले. नोकरी गेली तर, ही भीती आहेच, खोटं कशाला लिहू. आमचे हे म्हणतात, एका पोरासाठी एवढं? हो, एका पोरासाठी. नावही माहीत नाही त्याचं, नुसता नंबर.

बुध. २०, जळगाव
पुन्हा बोलावणं. तीच उत्तरपत्रिका, शेजारी टोपण काढलेलं पेन. मी सहीच्या जागी लिहिलं : ‘अकरा. बदल मान्य नाही.’ खाली पूर्ण नाव, तारीख.
मॉ.नी पेनाला टोपण लावलं. मग, “उद्या विचार करून या.”
उत्तरपत्रिका कपाटात गेली. तिच्यावर अजून कोण काय लिहील, सांगता येत नाही.
उद्या दहाला मुलाखत. निळी साडी इस्त्री करून ठेवली आहे. त्यांनी मला तहांवरच विचारावं, एवढीच इच्छा.